मास्तरांचं 'प्रोव्हायडेड दॅट'

माझ्या सासऱ्यांचं इंग्रजी मला कधीच आवडलं नाही. सासरेही फारसे आवडले नाहीत, पण इंग्रजी आधी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी साताऱ्याहून रत्नागिरीला आले. माप ओलांडून, देवाला नमस्कार करून ओटीवर आले, तर झोपाळ्यावर बसलेल्या ह्या गृहस्थांनी मला पायांशी वाकू दिलं आणि वर म्हणाले, "सिट डाउन, लेस्ट यू शुड फील टायर्ड." म्हणजे बस, नाहीतर दमशील. एवढंसं बोलायला त्यांनी बाबा आदमच्या काळातला शब्द ट्रंकेतून झटकून काढला होता. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, वर बी.एड. केलेलं. आपली परीक्षा चालली आहे हे मला लगेच कळलं. मी बसले नाही.

सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. जन्मभर गावातल्याच एका हायस्कुलात इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते. सासूबाईसुद्धा त्यांना मास्तरच म्हणत. मी तोंडावर मामंजी म्हणायचे आणि मनात जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याची नोकरी मुंबईला. तिथे खोली मिळेपर्यंत मी इथे राहायचं असं ठरलं होतं आणि खोली काही मिळत नव्हती. तो गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, मे महिन्यात यायचा, दोन्हीकडचं ऐकून घ्यायचा आणि कोणाचीच बाजू न घेता परत जायचा. बाकी वर्षभर ते चिऱ्याचं घर, मागचं नारळी-पोफळीचं आगर, मास्तर, सासूबाई आणि मी.

सकाळी ओटीवर मास्तरांची शिकवणी भरे. एरवी दिवसभर कोणी ना कोणी अर्ज लिहून घ्यायला दारात उभं. मास्तर झोपाळ्यावरून मजकूर सांगत आणि त्यात त्यांची ती लाडकी मंडळी एकामागून एक येत: इनॅझमच ॲज, म्हणजे ज्या अर्थी, मग व्हेअरॲज, नॉटविथस्टँडिंग, ऑल्बीइट. मुद्दा असायचा एवढासा, रजा पाहिजे किंवा नळ पाहिजे. पण तो फणसातल्या गऱ्यासारखा, चिकात हात घालून शोधायचा. वाक्याच्या सुरुवातीला कोणी 'अँड' किंवा 'बट' घातलं की मास्तरांचं तोंड घासात खडा आल्यासारखं व्हायचं.

त्यांच्याच हायस्कुलात मला एका रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी तात्पुरतं घेतलं. मी शिकवायचे ते आजचं इंग्रजी. बिकॉज, सो, बट, इफ. नव्या पाठ्यपुस्तकांत तेव्हा संवाद आले होते, दुकानातले, बसस्टँडवरचे. मुलांनी तोंड उघडावं, चुकत का होईना बोलावं, एवढीच माझी इच्छा. पंचाईत अशी की सकाळी मास्तरांच्या ओटीवर बसणारी मुलं आणि अकरानंतर माझ्या वर्गात बसणारी मुलं तीच. 'लेस्ट' आणि 'इनॅझमच ॲज' आता कोणी बोलत नाही, असं मी वर्गात सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ओटीवरून, मला आत स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "जे कोणी बोलत नाही तेच शिकावं लागतं. बाकीचं रस्त्यावर फुकट मिळतं." मुलं हुशार. त्यांनी सकाळचं इंग्रजी वेगळं ठेवलं आणि दुपारचं वेगळं, आणि दोघांनाही नमस्कार करून पास होत राहिली. भांडण फक्त आम्हा दोघांचं राहिलं.

ते चिघळलं एका मुलामुळे. आतल्या गावातल्या शेतकरी घरातला, मास्तरांचा अगदी लाडका विद्यार्थी. बी.कॉम. होऊन मुंबईला एका कंपनीत मुलाखतीला गेला होता. परत आला तो पुढच्या दाराने ओटीवर न जाता मागच्या पडवीत माझ्याकडे आला. मी तांदूळ निवडत होते. तो खांबाला टेकून उभा राहिला.

"साहेबानं विचारलंन, ही नोकरी तुला कशाला पाहिजे. मी मास्तरांनी घोकून घेतलंनी होतं तसं सुरू केलं, इनॅझमच ॲज माय फादर इज अ पुअर ॲग्रिकल्चरिस्ट..."

"मग?"

"हसले, बाई. वाईट नाही हसले. पण हसले. मग पुढचं काय आठवेच ना."

नोकरी दुसऱ्याला मिळाली. हा पुढे जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात लागला आणि आमच्या घरावरून जायचं टाळू लागला. मला त्याच दिवशी इतका संताप आला की हातातलं सूप तसंच ठेवून मी ओटीवर गेले आणि मास्तरांना सगळं सांगितलं.

"हसणाऱ्याला शिक्षण नाही," मास्तर म्हणाले.

"नोकरी हसणाऱ्याकडेच होती, मामंजी."

"मोठ्यांना उलट बोलायला कोणी शिकवलंन गो तुला? घाटावर हीच रीत?"

"घाटावर सरळ बोलतात."

त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. ओरडले नाहीत. मास्तर कधीच ओरडत नसत आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. म्हणाले, "तुझं ते बिकॉज म्हणजे दरडावणं. मला पाहिजे, बिकॉज मला पाहिजे. गरिबानं असं मागितलं तर देईल कोण? इनॅझमच ॲज म्हटलं की माणूस आधी वाकतो, मग मागतो. आम्ही असंच मागत आलो."

"मला मुलांना वाकायला शिकवायचं नाही."

"मग उपाशी राहायला शिकव," ते म्हणाले आणि झोपाळा पुन्हा सुरू केला.

'आम्ही असंच मागत आलो' हे त्यांचं वाक्य खरं होतं, आणि ते कुठून आलं हे मला माहीत होतं. आमच्या आगराच्या कोपऱ्यात, फणसाखाली, एक दगड होता. तो राखणदार, जागेची राखण करणारा. मे महिन्याच्या अखेरीस कलमांवरचे आंबे उतरवून झाले की सगळं घर त्याच्यासमोर उभं राहायचं. दहीभात आणि नारळ ठेवायचा आणि घरातल्या मोठ्या पुरुषानं गाऱ्हाणं घालायचं. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी ते ऐकलं. मास्तर हातात नारळ धरून एका दमात म्हणत होते, "बा महाराजा, आज लेकरं तुझी आठवण ठेवून तुझं राखण देतायत ते गोड मानून घे. कळत नकळत कोणाकडून काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल, आणि आजपर्यंत सांभाळलंस तसंच पुढेही सांभाळ, आणि कोणी वाकड्या नजरेनं बघील तर त्याचं त्याला दे." प्रत्येक तुकड्यावर सगळ्यांनी म्हणायचं, होय महाराजा. ज्याचा ज्याचा त्या घरात घास आहे त्यानं म्हणायचं, आणि सगळ्यांचं म्हणून झाल्याशिवाय नारळ फोडायचा नाही, अशी त्या घरची रीत. मी म्हटलं, "हो महाराज." नणंदा तोंडाला पदर लावून हसल्या.

मी मात्र दगडाकडे बघत उभी राहिले होते. मास्तरांचं इंग्रजी साहेबाकडून आलेलंच नव्हतं. ते ह्या फणसाखालून आलं होतं. जर काही चुकलं असेल, तरीसुद्धा, ज्या अर्थी, त्या अर्थी. त्यांनी उभ्या आयुष्यात लिहिलेला प्रत्येक अर्ज हे गाऱ्हाणंच होतं, फक्त समोर दगडाऐवजी मामलेदार. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं, असं मला पुढे कोणी कोणी सांगितलं. मला नाही वाटलं. दगडाशी जसं बोलतात तसं माणसांशी बोलायला शिकवणारा मास्तर मला धोकादायक वाटला आणि आजही वाटतो.

दोनेक वर्षांनी शाळेतले इंग्रजीचे एक सर निवृत्त झाले आणि कायमची जागा निघाली. ती मला पाहिजे होती. साध्या भाषेत कारण सांगते: त्या घरात माझं स्वतःचं असं दुसरं काहीच नव्हतं. नवरा मुंबईला, घर मास्तरांचं, आगर मास्तरांचं, शब्दसुद्धा मास्तरांचे. शाळेत चार भिंतींच्या आत मी म्हणेन ते चालायचं. पण तात्पुरत्या बाईला जूनमध्ये बोलावतात आणि नको तेव्हा नारळ देतात. कायम झाले की मला तिथून कोणी हलवू शकणार नव्हतं.

संस्थेच्या कार्यकारिणीवर मास्तर होते. बाकीचे सभासद बहुतेक त्यांचेच विद्यार्थी. अध्यक्ष तर आमच्या कुंपणाला कुंपण लावून राहणारे, अजूनही मास्तरांसमोर खुर्चीत न बसणारे. मास्तर हो म्हणतील त्याला जागा, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं.

एका दुपारी मी पान वाढत असताना मास्तर म्हणाले, "संस्थेत मला विचारतील. मी हो म्हणीन. प्रोव्हायडेड दॅट..." आणि तिथे थांबून त्यांनी भात कालवला. त्या थांबण्याची त्यांना गोडी होती. मग अट सांगितली. मी त्यांच्या पद्धतीनं शिकवायचं. सकाळच्या शिकवणीत शिकवलेलं दुपारी खोडायचं नाही. आणि घरात ह्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही.

"विचार करून सांग."

मी आमटीचं भांडं उचलून आत गेले. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "ताक राहिलं गो वाढायचं." मी ताक घेऊन परत बाहेर गेले. हेही लिहायला पाहिजे, की गेले.

त्या वर्षी राखणदाराची राखण आणि संस्थेची बैठक लागोपाठ आली, आज राखण तर उद्या बैठक. नवरा आला होता, नणंदा मुलांना घेऊन आल्या होत्या, शेजारी म्हणून अध्यक्षही रीतीप्रमाणे येऊन उभे राहिले होते. मास्तरांनी नारळ हातात घेतला. सगळं नेहमीसारखं चाललं होतं, होय महाराजा, होय महाराजा. आणि मग मास्तरांनी आवाज न बदलता पुढे जोडलं, "आणि घरच्या सुनेला शाळेत कायमची जागा मिळू दे, महाराजा, पण मोठ्यांनी घालून दिलेली वाट तिनं मोडू नये, आणि ज्या घरात खाते त्या घराचा शब्द तिनं खाली पडू देऊ नये, अशी तिला बुद्धी दे."

जेवताना मिळालं नव्हतं ते उत्तर ते इथे वसूल करत होते. दगडासमोर, सगळ्यांदेखत, अध्यक्षांदेखत. इथे नाही म्हणता येत नाही, ह्याची त्यांना पक्की खात्री होती.

सगळे म्हणाले, होय महाराजा. मी म्हटलं नाही. मास्तरांनी नारळ खाली आणला नाही, ते वाट बघत राहिले. नवऱ्यानं कोपरानं ढोसलं. धाकटी नणंद कानाशी कुजबुजली, "म्हण गो, शब्दच तर आहे." मी दगडाकडे बघत राहिले. अध्यक्ष पायानं पाचोळा सारखा करत होते. तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, एरवी कधी ऐकला नव्हता इतका मोठा. "होय महाराजा." एकीचं नाही, दोघींचं असावं असं त्यांनी ते म्हटलं. मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि नारळ फोडला.

बैठकीला मास्तर इस्त्रीचं धोतर नेसून गेले. परत आले, हातपाय धुतले, जेवले, झोपले. सकाळी अध्यक्ष कुंपणापाशी आले. मी फुलं काढत होते. ते माझ्याकडे न बघता बोलले.

"जागा त्या दुसऱ्या सरांना गेली, बाई. हातखंब्याकडच्या शाळेतले आहेत ना, अर्ज आला होता, ते."

"मास्तर नाही म्हणाले?"

"छे छे, नाही कसे म्हणतील? मी विचारलं, मास्तर, आपलं काय मत. ते चष्मा पुसत बसले. परत विचारलं, तरी गप्पच. मग आम्ही काय समजायचं ते समजलो." आणि थोडं थांबून म्हणाले, "तिथे कोणीतरी एक शब्द बोलायला पाहिजे होता. पण मास्तर गप्प असताना बोलणार कोण?"

मी फुलांची परडी घेऊन सरळ ओटीवर गेले. शिकवणीची मुलं बसलेली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मी मास्तरांना जाब विचारला.

"तुम्ही गप्प का बसलात, मामंजी?"

"मी नाही म्हटलं नाही."

"होयही म्हटलं नाहीत."

मास्तरांनी वर पाहिलं. अगदी शांतपणे म्हणाले, "तूही म्हटलं नव्हतंस." मग मुलांकडे वळून पुढचं वाक्य सांगायला लागले.

त्या क्षणी मला त्यांचा जितका द्वेष वाटला तितका पुढे कोणाचा वाटला नाही. उत्तर चपखल होतं, आणि त्यामुळेच जास्त झोंबलं. माझ्या गप्प राहण्यावर सासूबाईंनी पांघरूण घातलं होतं. मास्तरांच्या गप्प राहण्यावर ते घालायला त्या बैठकीत कोणी नव्हतं, हे त्यांना जाण्यापूर्वीच माहीत होतं.

गंमत अशी की ते हातखंब्याकडचे सर इथे आले म्हणून त्यांची तिथल्या शाळेतली जागा मोकळी झाली. मी अर्ज केला, स्वतःच्या इंग्रजीत, चार ओळींचा. तात्पुरतंच घेतलं, पण घेतलं. सकाळच्या एस.टी.नं जायचे, संध्याकाळी हायवेवरच्या ट्रकांची धूळ अंगावर घेऊन परत यायचे. तिथे माझी मुलं बिकॉज म्हणायची, मोठ्यानं म्हणायची. मास्तरांनी त्या नोकरीबद्दल एक अक्षर काढलं नाही. वर्षभर आम्ही एकमेकांशी मीठ, पाणी आणि दिवा एवढ्याच विषयांवर बोललो.

पुढचा मे आला. आंबे उतरवून झाले. सगळे पुन्हा फणसाखाली, तीच माणसं, तेच अध्यक्ष. मास्तरांनी गाऱ्हाणं सुरू केलं. मुंबईच्या मुलाला बरकत दे. लेकींना, जावयांना, नातवंडांना सुखात ठेव. आगराला पाणी, कलमांना मोहोर. ओटीवर शिकायला येणाऱ्या मुलांना यश. गोठ्यातल्या गाईचंसुद्धा नाव घेतलं. माझं घेतलं नाही. शेवटचं होय महाराजा झालं आणि मास्तर नारळ फोडायला वाकले.

"थांबा मास्तर," सासूबाई म्हणाल्या.

बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं. त्या घरात कोणी कधी घातलं नव्हतं. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि दगडाकडे बघत म्हणाल्या, "आणि घरची सून रोज सकाळच्या गाडीनं हातखंब्याला जाते, तिला सुखरूप ने, आणि सुखरूप आण, महाराजा."

त्यात एकही जर नव्हता, एकही पण नव्हता. क्षणभर कोणाला काय करावं कळेना. मग माझा नवरा, आयुष्यात एकदाच, सगळ्यांच्या आधी बोलला. "होय महाराजा." मग नणंदा, मुलं, अध्यक्षसुद्धा.

मास्तरांचे ओठ हलले नाहीत. मी त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. नारळ त्यांच्या हातात होता, सगळे थांबले होते. मागच्या वर्षी माझ्या वाटचं बोललेल्या सासूबाई ह्या वेळी त्यांच्या वाटचं बोलल्या नाहीत. त्या हात जोडून नुसत्या उभ्या राहिल्या. फणसावर एक कावळा येऊन बसला, दहीभाताकडे बघत राहिला. मुलं चुळबुळ करायला लागली. शेवटी मास्तरांनी नारळ तसाच, अख्खा, दगडासमोर ठेवला आणि कोणाकडे न बघता ते घरात निघून गेले.

तो नारळ त्या वर्षी फुटला नाही. पाऊस सुरू होईपर्यंत तिथेच पडून होता. येता-जाता मला दिसायचा. मीही तो उचलला नाही.